केलंस का, असं विचारायचं नाही

वकिलाच्या घरात फाइली राहत नाहीत, अशील तर मुळीच राहत नाहीत. किस्से तेवढे मागे उरतात. वकिली बंद करून मला बरीच वर्षं झाली. कलमं विसरलो. पण पौडच्या कोर्टाचा विषय निघाला की एकातून एक आठवत जातं आणि समोरचा चहा गार होतो.

लग्नाकार्यात कुणीतरी हटकून विचारतंच, "वकीलसाहेब, गुन्हेगाराला सोडवून आल्यावर तुम्हाला झोप कशी लागते हो?" आमचे भाऊसाहेब याचं उत्तर द्यायचे, "पौडच्या एसटीत. खिडकीला डोकं टेकलं की पिरंगुट यायच्या आत लागते!"

भाऊसाहेब म्हणजे माझे सीनियर. जन्मभर उजव्या हातात पुस्तकांची जड बॅग वागवल्यामुळे त्यांचा तो खांदा खाली आला होता, आणि बॅग नसली तरी ते तिरपेच चालायचे. त्या काळी, म्हणजे पन्नास-साठच्या दशकात, आम्ही दोघं पुण्याहून पौडला तारखांना जायचो. भाऊसाहेबांचा एकच नियम होता. अशिलाला 'केलंस का?' असं कधी विचारायचं नाही. पोलिसांकडे काय पुरावा आहे, एवढंच विचारायचं.

"खरं काय ते कोर्ट ठरवील," ते म्हणायचे. "आपणच ठरवायला लागलो तर एकाचीही बाजू मांडता यायची नाही." हे ते मला सांगायचे की स्वतःला, कोण जाणे.

* * *

अडचण अशी, की आमच्या अशिलांना खरं सांगायची भारी हौस!

जत्रेत एकाचं डोकं फोडल्याची केस होती. अशील चांगला पैलवान गडी. आल्या आल्या बाह्या सरसावून म्हणाला, "सायेब, म्या त्याला हाणला, त्याचं आसं झालं—"

"थांब! मला सांगू नकोस."

"आवं पन म्याच—"

भाऊसाहेबांनी सरळ दोन्ही कानांवर हात ठेवले. पैलवान हिरमुसला. थोड्या वेळानं व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "त्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमास्नी सांगू का?"

* * *

दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे हातभट्टीच्या केसेसना तोटा नव्हता. एकदा पंचानं साक्ष दिली की बाटलीला दारूचा वास येत होता.

भाऊसाहेब क्रॉसला उठले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला दारूचा वास चांगला ओळखता येतो तर!"

पंच कचाट्यात सापडला. हो म्हणावं तर भर कोर्टात अब्रू जाते! "न्हाई न्हाई सायेब," तो गडबडीनं म्हणाला, "आमच्या घरान्यात कुनाला ठावं बी न्हाई!"

बाटलीत दारूच होती हे काही शाबीत झालं नाही. अशील सुटला. पुढच्या तारखेला तोच गडी बार रूमच्या दारात हजर. धोतराच्या सोग्याखालून एक बाटली काढून त्यानं भाऊसाहेबांपुढे ठेवली.

"अरे, हे काय? मी घेत नाही दारू!"

"दारू कुटं हाय, सायेब? जज्जसायबानंच सांगितलं न्हवं का, ही दारू न्हाई म्हून!"

* * *

पोलीस प्रॉसिक्युटर आणि आम्ही मधल्या सुट्टीत एकत्र जेवायचो. त्यांच्या घरच्या खरड्याची चव अजून जिभेवर आहे.

एकदा कासार आंबोलीच्या एका अशिलानं खिडकीतून हे पाहिलं. आपला वकील फितूर झाला असं समजून तो रडकुंडीला आला. "सायेब, ज्यो मला आत घालाय निघालाय, त्याच्या डब्यात तुमचा हात?" समजूत काढता काढता आमच्या नाकी नऊ आले.

पुढच्या तारखेला भाऊसाहेब सकाळपासून प्रॉसिक्युटरवर उखडलेले. ऑब्जेक्शनवर ऑब्जेक्शन, टेबलावर हात काय आपटतात! शेवटी प्रॉसिक्युटर जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, माझं काही चुकलं का?"

"छे हो. अशील मागच्या बाकावर बसलाय. एवढं एक ओरडून घेतो, मग डबा उघडू."

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण यात हसायला फारसं काही नाही.

ताम्हिणीच्या अंगाला डोंगरात वस्ती होती, तिथला बाबू नावाचा गडी. राखीव जंगलात झाड तोडल्याचा आळ. भाऊसाहेबांनी कागद पाहिले आणि खूश झाले. झाड पडलं त्या दिवशी बाबू दुसऱ्याच गावी लग्नात होता आणि सांगायला अख्खं वऱ्हाड होतं. अशी केस वकिलाला क्वचित मिळते.

केस पुकारली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

बाबू हात जोडून म्हणाला, "व्हय, कबूल हाय."

भाऊसाहेब ताडकन उठले. "अरे, तू तिथं नव्हतासच ना?"

"न्हवतो. पन न्हाई म्हनलं की तुमी फुडची तारीख घेनार. पावसापान्याचं डोंगर उतरून कितींदा येऊ? पोरं घरी उपाशी ऱ्हात्यात. काय आसंल ती शिक्षा आजच द्या, सायेब."

त्या दिवशी परतताना भाऊसाहेब एवढंच बोलले, "ज्यांनी केलं त्यांना मी तारखा घेऊन सोडवतो. ज्यानं नाही केलं त्याला तारीखच झेपत नाही." मग त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. झोप मात्र पिरंगुट गेलं तरी लागली नव्हती.

* * *

आता शेवटचा.

माले गावातला केरबा. बांधावरून शेजारच्या सोनाबाईशी भांडण. सोनाबाई विधवा, पदरात दोन मुली. तिनं भात कापून खळ्यावर उडवी रचली होती, ती एका संध्याकाळी जळाली. वर्षाचं धान्य गेलं. सोनाबाईनं केरबाचं नाव घेतलं. पाहणारी तीच एकटी.

भाऊसाहेबांनी क्रॉसमध्ये विचारलं, "अंधार पडला होता?"

"पडाय लागला हुता."

"मग एवढ्या लांबून चेहरा कसा दिसला?"

"त्वांड न्हाई दिसलं. पाठमोरा पळत हुता. चालीवरनं वळखला."

"चालीवरनं!" भाऊसाहेब मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळून हसले. कोर्टही हसलं. बाई मात्र हसली नाही. पदर डोक्यावर नीट घेऊन उभी राहिली. केरबा सुटला.

पण गाव काही कोर्टाचं ऐकेना. केरबाशी कुणी बोलेना, त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडायला आली. गावानं सांगितलं, देवळात बेलभंडारा उचल. म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन, मी हे केलं नाही अशी भैरवनाथासमोर शपथ घे, की विषय संपला. खोटी शपथ घेतली तर घराचं वाटोळं होतं, यावर लहानथोर सगळ्यांचा विश्वास.

एकदा कोर्ट सुटल्यावर केरबा पौडच्या एसटी स्टँडवर आला. "सायेब, आज दिवं लागायच्या टायमाला गाव देवळात बसनार हाय. तुमी चला."

"तिथं वकिलाचं काय काम?"

"कोर्टात तुमीच म्हनला न्हवं, ह्या मानसानं केलं न्हाई म्हून? लई जोरात म्हनला. जज्जसायबाला पटलं. त्येच देवाम्होरं म्हना." केरबा खाली बघत होता. "बेलभंडारा माज्या वतीनं तुमीच उचला."

 मग भाऊसाहेबांनी, माझ्यासमोर पहिल्यांदाच, नियम मोडला.

"केरबा, केलंस का तू?"

केरबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "आवं सायेब, ह्यो सवाल इचारायचा न्हाई आसं तुमीच म्हनला हुता की!"

पुण्याची गाडी समोर उभी होती. भाऊसाहेबांनी बॅग माझ्या हातात दिली आणि ते केरबाबरोबर मालेच्या गाडीत चढले. मीही मागोमाग चढलो.

उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. केरबा देवळाकडे पुढे निघून गेला. भाऊसाहेब शेताकडेच्या पायवाटेनं तिरपे तिरपे चालत होते. पलीकडच्या बांधावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. एवढ्या लांबून ती कोण हे मला कळेना.

"वकीलसायेब न्हवं का?" तिनं हाक दिली.

आवाजावरून कळलं, सोनाबाई!

भाऊसाहेब जागीच थांबले. "बाई, एवढ्या अंधारात मला कसं ओळखलंत?"

"चालीवरनं," ती म्हणाली.