नवरा खरा असल्याचा पुरावा

पप्पा कुठे झोपतात, या एका प्रश्नाने माझी तीन आठवड्यांची झोप खाल्ली. हसू नका, चहा घ्या आणि नीट ऐका. शिकलेली बाई किती वेडेपणा करू शकते, याचा माझ्याहून चांगला नमुना ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अख्ख्या ट्रुगानिना उपनगरात सापडायचा नाही.

सासूबाई नेदरलँड्सला, नणंदेकडे. कोविडच्या दोन वर्षांत आम्ही त्यांना फक्त फोनवर पाहिलं, तेही बहुतेक वेळा नुसतं कपाळ. आता त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "त्याआधी एलिनाला एकदा मांडीवर घेऊ दे, मग काय कापायचं ते कापा," म्हणाल्या. ऑस्ट्रेलियाची बॉर्डर नुकतीच उघडली होती. निघायचं ठरलं.

आमच्या पाच वर्षांच्या लेकीकडे, एलिनाकडे, ऑस्ट्रेलियन पासपोर्ट. माझ्या नवऱ्याकडे, नेल्सनकडे, पोर्तुगीज. सासूबाई पोर्तुगीजांच्या काळातल्या गोव्यात जन्मल्या, त्या पुण्याईवर. दोघांनाही व्हिसा नको. राहिले मी, वसईची, भारतीय पासपोर्टवाली.

वेबसाइटवर नियम स्पष्ट होता. युरोपियन नागरिकाची बायको नवऱ्याबरोबर त्याच्या स्वतःच्या देशात नाही, तर युरोपातल्या दुसऱ्या देशात जात असेल, तर शेंगेन व्हिसा फुकट आणि लवकर. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, एकत्र प्रवासाची तिकिटं. बँक स्टेटमेंट नको, हॉटेल बुकिंग नको.

मी ते सात वेळा वाचलं. मला विश्वास कसा बसावा? रेशनकार्डातून नाव काढायलासुद्धा अॅफिडेव्हिट केलेली बाई मी.

"नेल्सन, यात काहीतरी गोम आहे."

"गोम नाही, नियम आहे. तीन कागद लाव आणि गप्प बस."

गप्प बसले असते तर तुम्हाला काय सांगितलं असतं? मी शीतलला फोन केला. शीतल आमची शेजारीण, पुण्याची. नवरा ऑस्ट्रेलियन, त्यामुळे व्हिसा या विषयात तिला आम्ही डॉक्टर मानतो.

"अगं, लग्न खरं आहे हे पटवावं लागतं," ती म्हणाली. "आम्ही लाइट बिलापासून हनिमूनपर्यंत सगळं जोडलं होतं. माझ्या मैत्रिणीला तर वेगळं बसवून विचारलं, नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो."

"पण तो इथला पार्टनर व्हिसा ना? हा शेंगेन आहे."

"सरकार कुठलंही असो, संशय तोच."

इथेच माझी पंचाईत होती. कारण माझा नवरा पलंगाच्या कुठल्याच बाजूला झोपत नव्हता. तो गराजमध्ये झोपत होता.

भांडण नव्हतं हो. तो डँडेनॉन्गच्या एका फॅक्टरीत इंजिनीयर. तिथे कोविडची पहिली केस निघाली, त्या दिवशी मीच त्याची गादी गराजमध्ये टाकली. चौदा दिवसांसाठी. मग दुसरी केस निघाली, मग तिसरी. मग लस आली, तोवर साहेबांना तिथली शांतता आवडायला लागली होती. हीटर, छोटा टीव्ही, इस्त्रीच्या टेबलावर चहाची किटली. मी "आता ये आत" म्हटलं की म्हणायचा, "या शनिवारी शिफ्ट करतो." असे तीस-चाळीस शनिवार गेले.

आता हे व्हिसा ऑफिसरला कसं समजवायचं? आणि नेल्सन एकवेळ गप्प बसेल, पण एलिना? ती पोस्टमनलाही घरातला मेनू सांगते.

म्हणून मी तालीम सुरू केली. रोज शाळेतून आल्यावर.

"पप्पा कुठे झोपतात, एलिना?"

"इन द गराज."

"नाही बाळा. मम्मीपप्पांच्या खोलीत."

"बट ही डझन्ट."

नेल्सन दारातून म्हणाला, "पोरगी प्रामाणिक आहे. आईवर गेली नाही."

"तू बोलूच नकोस. तुझी गादी आज आत येतेय."

गादी आली. एलिनाचं उत्तरही तिसऱ्या आठवड्यात बसलं. तोवर माझी फाइल साडेचार किलोंची झाली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. लग्नाचे एकशे बारा फोटो, हळदीपासून. चर्चचा दाखला. दोघांच्या नावावरची लाइट बिलं. नेल्सनने मला पाठवलेले मेसेजेस, त्यातले निम्मे "दूध संपलंय" असे.

व्हिसा सेंटरमध्ये काचेपलीकडे मास्क लावलेली एक शांत बाई होती. मी फाइल ठेवली तसं काउंटर हललं.

"जस्ट द मॅरेज सर्टिफिकेट, प्लीज."

तो दाखला नेमका कुठे होता माहितीये? फोटो क्रमांक ऐंशी आणि गॅस बिलाच्या मध्ये. माझी हळद, माझी वरात, सासूबाईंचा रुसलेला फोटो, सगळं काउंटरवर पसरलं. मागची रांग मान वाकवून बघत होती. नेल्सन छताकडे बघत होता. अकरा मिनिटांनी दाखला सापडला.

तिने तो पाहिला, पासपोर्ट पाहिले, तिकिटं पाहिली. बाकीचे साडेचार किलो अलगद माझ्याकडे सरकवले.

"दॅट्स ऑल. नो फी." मी ऑपरेशनची तारीख सांगितली. "त्याआधी पासपोर्ट हातात येईल."

एवढंच? मास्कच्या आत मी रडत होते की हसत होते, मलाही कळेना. आत्ताच सांगून टाकते, व्हिसा आठ दिवसांत आला, सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, ऑपरेशनही नीट झालं. नियम म्हणजे नियमच होता. गोम होती ती माझ्या डोक्यात.

पण तिथे, काउंटरवर, अजून संपलं नव्हतं. मी फाइल कवेत घेतली, थँक यू म्हटलं, निघालो. एलिना मात्र काचेपाशीच उभी. तीन आठवडे पाठांतर केलेलं मूल ते. तिचा चेहरा पडला होता.

बाईने वाकून विचारलं, "यू ओके, स्वीटी?"

एलिना खणखणीत आवाजात म्हणाली, "यू डिडन्ट आस्क मी व्हेअर पप्पा स्लीप्स. इट्स नॉट द गराज."