तिच्या बाजूचा दिवा

आमच्या हॉलमधला सोफा राखाडीकडं झुकणाऱ्या निळ्या रंगाचा आहे. हा रंग मी निवडला नाही आणि आईनंही नाही. तो माझ्या बायकोच्या पसंतीचा आहे, आणि मला बायको नाही. वारली नाही, सोडून गेली नाही, मुळात लग्नच झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गावात याबद्दल वेगळंच काहीतरी सांगतात.

पलूसजवळ आमचं गाव. ऊस आहे, थोडी द्राक्षबाग आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, वर शेतकीची पदवी आहे. घर सिमेंटचं, वडिलांनी फौजेतून आल्यावर बांधलेलं. वडील आता नाहीत. आई आणि मी, दोघंच. माझे कानशिलावरचे केस पिकायला लागलेत. माझ्यासारखे बिनलग्नाचे आमच्या गावात इतके आहेत की कुणी कुणाला हसत नाही. आधी चेष्टा व्हायची. ‘काय रं, कवा घालतोस लाडू?’ म्हणायचे. मी पण शिव्या द्यायचो, बरं वाटायचं. मग हळूहळू विचारणं थांबलं, आणि लोकांनी आपल्यावर पाणी सोडलं हे मला कळलं.

मुलींचं काय चुकलं, असं मी नेहमी म्हणतो. त्यांनी आपल्या आयांना पहाटेपासून गोठ्यात आणि दिवसभर रानात राबताना पाहिलंय. शिकल्यावर त्यांनी पुन्हा त्यातच का यावं? मला सगळं पटतं. पटून उपयोग काय, घास एकट्यालाच गिळायचा असतो.

माझी आत्या कोरेगावला असते. माझ्या लग्नाचं भिजत घोंगडं वडिलांमागं तिच्याच गळ्यात पडलं. एक दिवस तिचा फोन आला. त्यांच्याच बाजूचं स्थळ होतं. मुलगी शाळेत शिकवते, वय माझ्या बेताचं, आणि मुख्य म्हणजे शेतकरी नको असं तिनं म्हटलेलं नव्हतं.

“खरं तिला घर बघायचंय,” आत्या म्हणाली. “आधी फोटू मागितल्यात. तू धाडलेलं मी बघितलं. हॉलात खताची पोती दिसत्यात रं. पोरगी काय पोत्यावर बसंल व्हय?”

पोती होती, खोटं कशाला बोलू. लोखंडी कॉट होती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि वर फडफडणारी ट्यूब होती. आम्हा दोघांना त्यात कधी काही खटकलं नव्हतं. शेजारी बसून ऐकणाऱ्या आईनं पोत्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, “उद्या सांगलीला जाऊ.”

सांगलीत आता फर्निचरची काचेची दुकानं झालीत. दार ढकललं की गार हवा अंगावर येते आणि कुठूनतरी अत्तरासारखा वास येतो. आईनं दारातच चपला काढल्या. तिथली मुलगी म्हणाली, “काकू, राहू द्यात चपला, चालतं इथं.” पण आई ऐकेना. चकचकीत फरशीवरून ती अनवाणीच हिंडली. एकेक सोफा असा मांडलेला की घरातली माणसं आत्ताच उठून आत गेलीत असं वाटावं. टेबलावर खोटी फळं, पुस्तकं, दोन कप. छतातून खाली सोडलेले काचेचे गोळे, त्यांचा पिवळा मऊ उजेड. मला ते सगळं आवडलं, हे कबूल करतो. त्या उजेडात माझे हातसुद्धा बरे दिसत होते.

ती मुलगी चुणचुणीत होती. कापडांचे तुकडे दाखवता दाखवता तिनं विचारलं, “सर, मॅडम नाही आल्या? रंग त्यांना विचारूनच घ्या. नंतर मॅडमना पसंत पडत नाही आणि सगळी पंचाईत होते.”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “म्हायेरी गेलीया ती.”

मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. सोफ्याच्या कापडावरून हात फिरवत होती.

“मग फोन लावूया का त्यांना? व्हिडिओवर दाखवू.”

“शाळंत असंल आता. मास्तरीण हाय. मला ठावं हाय तिची पसंती. तिला निळा आवडतो. लय भडक नको.”

त्या वेळी मी काय करायला हवं होतं? भर दुकानात म्हाताऱ्या आईला खोटं पाडू? बरं, खोटं पाडून सांगू काय? आणि ती थांबेचना. सूनबाईला बसायला पाठ टेकेल असं पाहिजे, सूनबाई उंच आहे, सूनबाईला वाचायचा नाद आहे. कोरेगावच्या त्या मुलीबद्दल आत्या फोनवर जे जे बोलली होती ते सगळं आई तिथं पदरचं घालून सांगत होती. इतकी खुलून बोलताना मी तिला वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दुकानातली मुलगीही रंगली. म्हणाली, “मॅडम वाचतात ना, मग बेडच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दिवे घ्या. त्या वाचत बसल्या तरी सरांची झोप मोडणार नाही.” आईला हे इतकं आवडलं की ती माझ्याकडं बघून हसली. सोफा, हॉलचे गोळे, बेड आणि बेडचे ते दोन दिवे, सगळं ठरलं.

परतताना गाडीत मी चिडून विचारलं, “काय गरज होती गं?”

“मग काय सांगू तिला? माझ्या लेकाला पोरगी मिळंना म्हणून सोफा घ्यायला आलोय, असं सांगू?” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आन् खोटं कुठं हाय त्यात. हुईल की आता.”

सामान आलं तेव्हा गल्लीतल्या बायका उंबऱ्यापाशी जमल्या. आमच्याकडं टेम्पोतून काहीही उतरलं तरी जमतात, त्यात विशेष काही नव्हतं. जोडणी करणारा माणूस दुकानातूनच आला होता. त्यानं बेड कुठल्या भिंतीला लावायचा ते विचारलं, आणि वर म्हणाला, “काकू, मॅडमना फोन करून विचारा, नाहीतर परत हलवायला लागंल.” आई बायकांकडं बघून चपापली. खरं बोलावं तर दुकानात खोटी ठरते, खोटं बोलावं तर दारात. हळूच म्हणाली, “म्हायेरी हाय ती. तुमी लावा.” मी छताला गोळे टांगायला शिडी धरून उभा होतो. मला ऐकू आलं. बायकांनाही आलं असणार, कारण कुजबुज एकदम थांबली.

काम संपवून तो माणूस चौकातल्या टपरीवर चहाला थांबला, आणि कुणी विचारलं म्हणून सहज सांगून गेला, की नवीन सूनबाईच्या पसंतीनं भारीतलं सामान घेतलंय, बाई माहेरी गेल्यात. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी घरी दिवे लावून हॉलचे फोटो काढत होतो.

फोटो गेले आणि कोरेगावहून निरोप आला की मुलीला दिवे फार आवडले. कुठून घेतले म्हणून तिनं विचारलंय. आत्यानं हे सांगितलं तेव्हा मी मळ्यात होतो. फोन खिशात टाकला आणि उगाचच बांधावरून चालत पार विहिरीपर्यंत गेलो. कुठल्यातरी मुलीला माझ्या घरातलं काहीतरी आवडलं होतं. येत्या रविवारी ती माणसं घर बघायला येणार होती.

आमच्याकडं मुलीची माणसं थेट येत नाहीत. आधी एक अनोळखी माणूस गावात येतो, टपरीवर बसतो. जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, नाहीतर उसाचं बेणं बघायचंय असं काहीतरी सांगतो आणि बोलता बोलता मुलाचा विषय काढतो. पितो का, भावकीशी भांडण आहे का, आई कशी आहे. हा कशासाठी आलाय ते अख्ख्या गावाला पहिल्या घोटातच कळतं, पण कुणी तसं दाखवत नाही, आणि त्याच्यापुढं शक्यतो कुणी कुणाचं वाईटही बोलत नाही. असा माणूस शुक्रवारी आला. मी त्याला लांबून पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली.

मी दारूला कधी बोट लावलेलं नाही. भावकीत भांडण नाही. मला भ्यायचं काही कारणच नव्हतं.

रविवारी आईनं सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं. तोपर्यंत आम्ही दोघंही त्यावर बसलो नव्हतो, खालीच बसायचो. दिवसाउजेडी सगळे दिवे लावले. पोहे भिजवले, शिरा झाला, शेजारणीकडून कपबशा आणल्या. दुपार कलली. मी फोन लावला तर आत्या उचलेना. मग तिचाच आला. माझे हात ओले होते म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

“खरं सांग रं मला,” आत्या म्हणाली. “तू कुणाला आणून ठेवली हुतीस?”

मला आधी हसूच आलं. कुणाला म्हणजे?

“बायकू. तुमच्या गावात सांगत्यात. एजंटाकडनं कुठनं तरी आणली, गुपचूप लगीन लावलं आन् ती म्हायेरी म्हणून गेली ती आलीच न्हाई. त्यांच्या माणसाला सांगितलंय कुणीतरी.”

अशा गोष्टी आमच्या भागात घडतात, म्हणून तर लोकांना ती खरी वाटली. वैतागलेली माणसं एजंटाला धरतात, लांबच्या मुलुखातून मुलगी येते, चार दिवसांत पळून जाते. गावानं दोन आणि दोन जोडले होते. वाईट बोलायच्या हेतूनं नव्हे, कदाचित कळवळ्यानंच बोलले असतील.

“आत्या, अशी कुणी नव्हतीच गं.”

“मग तिच्या पसंतीचा सोफा कसा घेतला?”

आई शिऱ्याच्या पातेल्यावर ताट झाकत होती. तिचा हात तिथंच राहिला.

मी आत्याला खरं काय ते सांगितलं, तिनं पुढं त्यांना सांगितलं. पण ते कुणाला पटणार? सासू होणारी बाई दुकानात नसलेल्या सुनेची पसंती सांगते, हे ऐकून कोण मुलगी देईल? आणि त्यांनी ही थाप समजावी, तर मग मुलाची पहिली बायको खरी ठरते. शेवटी मीच मुलीच्या वडिलांना फोन केला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “तुमचं खरं बी असंल. पर आमची पोरगी हाय. समजून घ्या.” मी समजून घेतलं. आयुष्यभर मी तेच करत आलोय.

मी खचलो. हे सरळच सांगतो, कारण आमच्याकडं पुरुषानं असं म्हणायची पद्धत नाही. आईचा मला इतका राग आला होता की तिच्या हातचं जेवणही नको वाटायचं. तो राग मी मळ्यातल्या गड्यावर काढला, पंपावर काढला, कुत्र्यावरसुद्धा काढला. तिला मात्र एक शब्द बोललो नाही, आणि तीही बोलली नाही. तिनं सोफ्यावर पुन्हा प्लास्टिक घातलं. संध्याकाळी काचेच्या गोळ्यांखाली, फरशीवर पाय पसरून ती लसूण सोलत बसायची. आत्यानंही पुढं स्थळं आणली नाहीत. तिचं वय झालं, आणि कुठल्या तोंडानं आणणार?

पुढं उन्हाळ्यात दुकानातला तोच जोडणीवाला आला. विकलेलं सामान एकदा बघून जायची त्यांची पद्धत आहे. त्यानं सोफ्याचे पाय हलवून बघितले, गोळे पुसले, प्लास्टिक काढा की आता म्हणून हसला. मग आत बेडपाशी गेला. माझ्या बाजूचा दिवा लागला. दुसऱ्या बाजूचं बटण त्यानं दाबलं, पुन्हा दाबलं, मग दिवा उलटा करून खालचं झाकण उघडलं.

“साहेब, ह्याची वायरच जोडायची राहिलीय आत. पहिल्यापासून. एवढ्या महिन्यांत मॅडम काही बोलल्या नाहीत?”

त्या बाजूचं बटण कुणी कधी दाबलंच नव्हतं. मी त्या बाजूला झोपत नाही. पलंग एवढा मोठा, पण मी अजून कडेलाच झोपतो.

त्यानं वायर जोडली. दिवा लागला. रिकाम्या उशीवर छान पिवळा उजेड पडला.

“चुकलंच आमचं,” तो म्हणाला. “मॅडमना बोलवा ना, एकदा दाखवून जातो.”

आई चहा घेऊन दारात उभी होती. आता ही पुन्हा म्हायेरी गेलीया म्हणणार, असं मला वाटलं. तिनं कप त्याच्या हातात दिला.

“न्हाई यायची ती आता,” आई म्हणाली.

त्यानं कप तसाच खिडकीत ठेवला, हत्यारं गोळा केली आणि खाली मान घालून निघून गेला. आई पलंगाच्या त्या बाजूला टेकली. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग एखादं माणूस खरंच गेल्यावर बायका रडतात तशी रडली. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“लय गुणाची हुती रं,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “व्हय.”