भाटव्याच्या डोंगरावर

माझं लग्न जमावं म्हणून आत्यानं चौरागढच्या महादेवाला त्रिशूळ कबूल केला होता. लग्न जमलं, झालं, आणि वनखात्यात नोकरीला असलेला नवरा मला तामियाजवळच्या जंगलातल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. आत्याला हे काही पटलं नव्हतं. बाबांची ही थोरली बहीण मोहगावला आमच्याच घरी राहायची, मला तिनंच वाढवलं होतं.

दिवाळीनंतर नवरा मला माहेराहून न्यायला आला, तेव्हा बाबा म्हणाले, नवस फेडूनच जाऊ. आम्ही चौघं त्याच्या गाडीतून निघालो. डिकीत त्रिशूळ, आमच्या बागेतली संत्री आणि आत्याची एक गाठोडी. तामिया आल्यावर नवरा म्हणाला, "आत्या, क्वार्टर इथून जवळच आहे. चहा घेऊन जाऊ."

"आधी देव," आत्या म्हणाली आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसली.

आमच्या भागात पार्वतीला बहीण मानतात. भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव या डोंगरांत लपतछपत फिरला आणि मग आमच्या मुलखातल्या लेकीला घेऊन इथंच राहिला, असं आत्या सांगायची. म्हणून महादेव आमचा भाटवा, बहिणीचा नवरा. देव म्हणून त्याच्या पाया पडायचं आणि भाटवा म्हणून त्याची खुशाल थट्टा करायची. चौरागढच्या पायऱ्या चढताना आमच्या पुढचा एक घामाघूम माणूस ओरडला, "ए भाटव्या, खाली घर नोतं भेटत का तुले?" सगळी वाट हसली. आत्याही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

नवऱ्यानं त्रिशूळ खांद्यावर घेतला होता. आत्यानं त्याचा हात धरला नाही, तरी तो तिच्या मागं एक पायरी ठेवूनच चालत होता. बाबा वळणावळणावर थांबायचे, संत्रं सोलायचे आणि अनोळखी लोकांच्या हातावर फोडी ठेवत म्हणायचे, "खाऊन पाहा. आपल्या बगीच्यातलं आहे."

वर पोचलो तर वारा असा, की बोललेलं उडून जावं. लोकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचा ढीग उन्हात चमकत होता. त्यात आमचा उभा केला. आत्यानं गाठोडी सोडली. आत हिरवं लुगडं, बांगड्या, खण. बहिणीला माहेरचं. पूजा झाल्यावर ती उठली नाही. मूर्तीकडे बघून बोलायला लागली.

"काऊन रे भाटव्या, आमची पोरगी नेली अन् जंगलात आणून ठेवली? शेजार नाई, बजार नाई. मोबाइलले रेंज नाई. तिनं बोलावं तरी कोणासंग?"

बाबा संत्रं सोलता सोलता थांबले. "पार्वतीजवळ मोबाइल कवापासून आला?"

पुजारी तोंडावर उपरणं धरून हसायला लागला. मला मात्र कळलं, ही पोरगी म्हणजे मीच. नवरा दाराशी उभा होता, त्याच्याही लक्षात आलं होतं. तो आत आला, आत्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि देवाला हात जोडून म्हणाला, "आत्या, भाटव्याच्या बाजूनं मी बोलू का?"

"बोला."

"रेंज येते. घरामागच्या टेकडीवर. ती तिथूनच तुम्हाला फोन लावते."

"मंग मधातच आवाज कायले कटते?"

"अंधार पडला की ती खाली पळते. अस्वलं..."

मी त्याला मागून चिमटा काढला. तो घाईघाईनं म्हणाला, "शेजारी आमच्याच खात्यातल्या नाकेदाराचं कुटुंब आहे. बाजार आठवड्याला भरतो. आणि बोलायला मी आहे." मग जोडलेले हात सोडून, "मी कमी बोलतो, हे खरं आहे. तेवढं सुधारीन."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग महादेवाकडे. "हा बी काई बोलत नाई," ती म्हणाली. "पण बहीण सुखात दिसून राहिली." आणि माझ्याकडे वळून, "हासू नको. हाय ना सुखात?"

"हाव, आत्या," मी म्हणाले. मला एकदम रडायलाच आलं.

उतरताना तिनं त्याचा दंड घट्ट धरला. गाडी तामियाला पोचण्याआधीच तिनं फर्मावलं, "जावईबापू, घराकडे वळवा."

एका रात्रीसाठी उतरलेली आत्या पुढच्या बाजारापर्यंत राहिली. बाबा दुसऱ्याच दिवशी बसनं एकटे मोहगावला परतले. तिनं माझे डबे नव्यानं लावले, मागच्या अंगणात मेथी पेरली आणि नाकेदाराच्या बायकोशी अशी मैत्री केली, की दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत असूनही दुपारभर हसू ऐकू यायचं.

निघायच्या दिवशी नवरा तिला सोडायला गेला. बस सुटेपर्यंत ती खिडकीतून त्याला भरल्या वांग्यात तीळ कधी घालायचे ते समजावत होती. घरी आल्यावर त्यानं मला न विचारता वांगी चिरायला घेतली.