तिथली मेंढरं कुठं गेली

राजुरीच्या गोरक्षाला गोल्फ खेळता येत नव्हतं. चेंडू मात्र तो कुठूनही हुडकून आणी. कळंबचे भगवंततात्या पुण्यातल्या कंपनीतून निवृत्त होऊन गावी आले होते. बाजरी निघालेल्या रानात उभे राहून ते पांढरे चेंडू हाणत. त्याच रानात लेंडीखतासाठी सोमाजी धनगराच्या मेंढ्या बसवलेल्या असत. सोमाजीचा मुलगा गोरक्ष काटेरी बांधातून चेंडू घेऊन येई आणि दर खेपेला काहीतरी विचारी. चेंडूला खड्डे कशाला? हरलेला माणूस हसतो कसा?

२००५ च्या श्रावणात तात्यांनी ओट्यावर नकाशा पसरला. दसरा झाला की ते आणि त्यांचे तीन मित्र स्कॉटलंडला निघणार होते, समुद्राकाठच्या एका फार जुन्या मैदानावर खेळायला. मोठमोठ्या स्पर्धा तिथं भरत. उतरायचं हॉटेलही मैदानाला लागूनच.

"बॅग उचलायला तू चल," तात्या गोरक्षाला म्हणाले. "खर्च माझा."

"आदी सांगा, रान कुणाचं हाय?"

"गावाचं."

"म्हंजी गायरान?"

"तसंच म्हण. पूर्वी तिथं मेंढ्या चरायच्या. वाऱ्याच्या आडोशाला बसून बसून त्यांनी खड्डे पाडले. खेळातले वाळूचे खड्डे ते हेच, असं सांगतात."

गोरक्षानं नकाशावर बोट ठेवलं. "मंग ती मेंढरं कुठं गेली, तात्या? आन राखणारी माणसं?"

तात्यांना ठाऊक नव्हतं. खोल्यांसाठी हॉटेलला फोन केला तेव्हा त्यांनी तेही विचारून पाहिलं. पलीकडची बाई हसली, आणि खिडकी समुद्राकडची हवी का म्हणाली.

तेव्हापासून तो प्रश्न गोरक्षाला कुसळासारखा टोचू लागला. पासपोर्टही निघाला. पण दिवाळीनंतर कळप माळशेज घाटानं कोकणात उतरे, आणि त्याआधी घरातल्या एकानं पुढं जायचं असे. भात निघालेली खाचरं बघायची, शेतकऱ्यांशी बोलायचं, मेंढ्या कुणाच्या रानात बसवायच्या ते ठरवून यायचं. शब्द घेतल्याशिवाय कळप हलवायचा नाही, ही रीत. सोमाजीचे गुडघे गेल्यापासून गोरक्षच पुढं जाई. नेमक्या त्याच दिवसांत तात्यांचं विमान होतं.

"जा की," सोमाजी म्हणाला. "मेंढरं हितंच उपाशी बसत्याल. त्यास्नी तितला फोटू धाड."

तात्यांना नाही म्हणून सांगायचं, एवढंच आता गोरक्षाच्या हाती उरलं होतं. तेवढ्यात चुलीपुढून त्याची बायको हिरा बोलली.

"मामंजी, पुढं म्या जाते."

"बाईमाणूस? लोक काय म्हंत्याल?"

"म्हनू द्या. कोकनातल्या बायांस्नी दूध म्याच घालते, त्या मलाच वळखत्यात. ह्यास्नी तर गडी नुसती बिडी देत्यात." तिनं भाकरी उलटली. "आन हे न्हाई गेलं तर वरीसभर माझं डोस्कं खात्याल, हिरे, ती मेंढरं कुठं गेली असत्याल? मला न्हाई सोसायचं."

त्या घरात आजवर बाई पुढं गेली नव्हती. सोमाजीनं चिलीम झाडली, परत भरली, आणि न पेटवताच बाजूला ठेवली. मग काठीनं अंगणातल्या मातीत रेघ ओढली.

"घाट उतारला की पयलं गाव सोड. पानी न्हाई तितं. म्होरल्या गावात नदीकडंच्या खाचरांचा मालक कानानं जड हाय. वरडून बोल."

हिरा हाताचं पीठ झाडत येऊन उकिडवी बसली. "आन त्याच्या पल्याडचं रान कुणाचं?"

गोरक्ष उठला. कळंबची एसटी गाठून त्याला तात्यांना हो सांगायचं होतं. पाठीमागं हिरा विचारत होती, आणि सोमाजी दुखऱ्या गुडघ्यांवर मागं मागं सरकत रेघ वाढवत चालला होता.