डावीकडे वळणारी नात

माझ्या नातीला भर शर्यतीत दोनदा पाण्यातून ओढून बाहेर काढलं आणि दोन्ही वेळा ती बुडत नव्हती. चांगली पोहत होती. पण वेळ संपली होती. ठरलेल्या वेळेत जो पाण्याबाहेर येत नाही त्याला होडीत घेतात आणि पुढचं काही करू देत नाहीत, असा त्या खेळाचा नियम आहे.

खेळाचं नाव ट्रायथलॉन. ते नीट म्हणायला मला वर्ष लागलं. आधी तळ्यात दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचं, सायकल ठेवली की दहा किलोमीटर पळायचं. एकामागून एक, मध्ये चहासुद्धा नाही. मी चौथी शिकलेली बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला विचारलं, "तिकडं पोचून काम काय असतं?"

ती म्हणाली, "काय न्हाय. पोचायचंच असतं."

नात बारामतीला कॉलेजात शिकते. आम्ही कन्हेरीला राहतो. शेती भाजीपाल्याची. पोरीच्या अंगात आधीपासूनच दम होता, पण तिनं रोज पहाटे पळायला सुरुवात केली तेव्हा गावाला त्रास झाला. आमच्याकडे माणूस रस्त्यानं पळताना दिसलं की त्याची दोनच कारणं असतात. एक तर घरात कुणाचं तरी बिनसलंय, नाहीतर एसटी चुकली. शेजारचे तात्या दूध घालायला मोटरसायकलवर निघाले की तिच्यापाशी हमखास थांबायचे.

"बस मागं. सोडतो."

"नको तात्या. मला पळायचंय."

"अगं पळून कवा पोचशील? बस की."

ती बसायची नाही. तेव्हा पोरीला एकटं पळत टाकून पुढं जाणं बरं दिसत नाही म्हणून तात्या कॅनॉलच्या पुलापर्यंत तिच्या शेजारून पायानं गाडी ढकलत जायचे. दूध उशिरा पोचायचं. डेअरीवाला तिला नावं ठेवायचा.

सायकल माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, जुनी बघून आणली. टायर बोटाएवढे बारीक, हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं. कारखाने सुरू झाले की इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. ती त्यांच्या बाजूनं वाकून अशी जायची की ट्रॅक्टरवाले गाणं बारीक करून बघायचे. तिला शिकवणारे सर म्हणायचे, सायकलवर हिला धरणाऱ्या पोरी थोड्या आहेत. पण सायकलवर बसायला आधी पाण्यातून बाहेर यावं लागतं.

पहिल्या वर्षी ती टॉवेल गुंडाळून होडीतून आली. शर्यतीत सगळ्यांच्या सायकली काठावर एका लांब दांडीला ओळीनं अडकवून ठेवतात. बाकीच्या गेल्या. आमची तेवढी लोंबत राहिली. मुलानं ती काढली आणि टेम्पोत टाकली. टायरला धूळसुद्धा लागली नव्हती. दुसऱ्या वर्षी तेच झालं. सगळी घरी आली. मग सुनेनं चहा टाकला आणि मी म्हणाले, "सायकल फिरवून आणायची असंल तर जवळच न्या. एवढं डिझेल कशाला जाळता?" नात हसली. मुलगा हसला नाही.

तिसरं वर्ष शेवटचं होतं. विद्यापीठाचा संघ त्याच शर्यतीतून निवडतात आणि तिची डिग्री संपत आलेली. डिग्री झाली की विद्यापीठ कुठलं आणि संघ कुठला. दोडक्याच्या मांडवाखाली तोडणी करताना ती मला म्हणाली, "आज्जी, संघ ऱ्हाऊ दे. मला एकदा त्या सायकलवर बसायचंय फक्त."

"मी कुठं अडवलंय?" मी म्हणाले. पण पोरीच्या हातातला दोडका अजून वाढायचा होता, तोडायचा नव्हता, आणि तिनं तो तोडला. म्हणजे तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

त्याच आठवड्यात सर घरी आले. मला वाटलं, पोरीला खेळ सोडायला सांगायला आले. ते म्हणाले, ती कुठं पोहायला शिकली ते बघायचंय.

आमची विहीर गोल, दगडात बांधलेली. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटारीचे पाइप. उन्हाळ्यात पोरं वरून उड्या टाकतात, तेव्हा खाली डोक्याला डोकं लागू नये म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेनं पोहायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. भिंत उजव्या हाताला ठेवायची आणि डावीकडे वळत राहायचं. उलटं फिरणाऱ्याला शिव्या बसतात. माझा नवरा तसाच पोहायचा, मुलगा तसाच पोहतो. नातीलाही तरंगायला पाठीला रिकामा कॅन बांधून आम्ही तसंच सोडलं होतं.

सर काठावर उभे राहिले. तिनं चार-पाच फेऱ्या मारल्या.

"आजी, ही कायम अशीच पोहते?"

"कशी?"

"डावीकडे वळत."

"मग विहिरीत सरळ कुठं जायचं? भिंतीत?"

सर खालीच बसले. बराच वेळ हसत होते. मग त्यांनी उलगडून सांगितलं. दुसऱ्या शर्यतीत ते होडीत होते. बाकीच्या पोरी वाट दाखवायला पाण्यात सोडलेल्या फुग्याकडे जात होत्या आणि आमची डावीकडे. होडीवाल्यानं ओरडून तिला वळवलं, की थोडं सरळ जाऊन परत डावीकडे. सरांना वाटलं होतं, पोरगी पाण्याला घाबरते. ती घाबरत नव्हती. तिचं अंगच तसं वळायला शिकलं होतं. एवढ्या मोठ्या तळ्यात ती आमच्या विहिरीच्या फेऱ्या मारत होती. कॉलेजच्या तलावात हे कळलं नाही, कारण तिथं दोन्ही बाजूंनी दोऱ्या असतात आणि तळाला रेघ. डावा हात सारखा दोरीला घासायचा, पण दोरीच वाकडी बांधली आहे असं तिला वाटायचं.

"आता विहिरीत उतरायचं नाही," सर म्हणाले.

मुलाला ते लागलं. "का? आमच्या विहिरीत काय खोट हाय?"

"काही नाही. ती गोल आहे एवढंच."

सरांनी उपाय सांगितला तो साधा होता. उघड्या मोठ्या पाण्यात सराव करायचा. पलीकडच्या काठावर एक निशाणी धरायची, आणि थोडे हात मारले की डोकं वर काढून बघायचं, आपण तिच्याकडेच चाललोय का.

माझी लेक डाळजला दिली आहे. तिची शेती उजनीच्या पाण्याला लागून आहे. पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते, तिथं लोक वांगी-मिरची लावतात. जावयाच्या चुलतभावाची मासे धरायची होडी होती. रविवारी सकाळी नात पोहणार, जावई होडी घेऊन तिच्या मागं राहणार असं ठरलं. अडचण निशाणीची. पलीकडचा काठ सपाट आणि जिकडे बघावं तिकडे सारखीच वेडी बाभूळ. कुठलं झाड धरायचं कळेना. तेव्हा घरात बिनकामाची कोण आहे ते सगळ्यांनी शोधलं आणि मी सापडले.

मला होडीतून पलीकडे नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात लाल छत्री दिली. जावई म्हणाला, "मामी, फक्त बसायचं. बाकी काय करायचं न्हाय."

पहिल्या रविवारी मी नीट बसले. छत्रीखाली डोळा लागला, पण बसलेलीच होते. पोरगी थोडी डावीकडे निघून परत आली.

दुसऱ्या रविवारी मागच्या वाफ्यात एक बाई वांगी तोडत होती. वांगी चांगली होती, काटेरी देठाची. मी नुसतं विचारलं, बियाणं कुठलं. ती म्हणाली, या की बघायला. मी छत्री घेऊनच गेले, ऊन होतं. तिचा वाफा लांबडा, काठाकाठानं गेलेला. ती तोडत पुढं, मी बोलत पुढं. तिच्या सुनेचं ऐकून झालं, माझ्या सुनेचं सांगून झालं, तेवढ्यात पाण्याकडून हाका आल्या. बघते तर नात गुडघाभर गाळात उभी. खुर्ची कुठल्या कुठं राहिली होती.

"आज्जी, तू चालतीस व्हय गं?"

"वांगी बघत होते."

"मी तुझ्या मागनं पोहत आले की. मला वाटलं, आज लईच लांब हाय."

मागून जावई होडी ओढत आला. त्याच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी गाळानं खाल्ली होती. "मामी," तो म्हणाला, "तुमाला देवळागत बसवलंय. देऊळ कधी उठून वांगी बघायला जातं का?"

"पाव्हणं, तुमी आधीच हाका का मारल्या न्हाईत?"

"मला वाटलं, सरांनीच सांगितलं आसंल. निशाणी हालवा म्हणून."

वांग्याची बाई हसून हसून वाफ्यातच बसली. तिनं आम्हाला पाटीभर वांगी दिली. ही गोष्ट डाळजमध्ये पुढं महिनाभर पुरली. पण त्या दिवशी एक झालं. पोरगी छत्रीमागून एवढी लांब आली, म्हणजे ती डोकं वर काढून बघत होती आणि जिकडे बघत होती तिकडेच जात होती. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हेच पाहिजे होतं. त्यानंतर मी खुर्ची सोडली नाही. लेकीनं खुर्चीपाशी निवडायला शेंगा ठेवल्या, म्हणजे माझं तोंड आणि हात दोन्ही गुंतून राहतील.

शर्यत मोठ्या तळ्यावर होती. मी, मुलगा आणि सून आदल्या दिवशीच गेलो. सकाळी बघितलं तर पाण्यात पिवळे फुगे सोडलेले, त्यांना वळसा घालून यायचं. सगळ्या बायकांच्या डोक्याला एकसारख्या गुलाबी टोप्या. शिट्टी झाली आणि सगळ्या टोप्या एकदम पाण्यात गेल्या. आपली कुठली ते आईबापालाही ओळखू येईना.

थोड्या वेळानं एक टोपी बाकीच्यांपासून सुटली आणि डावीकडे जाऊ लागली. मुलगा बघत राहिला. होडीवाला तिच्याकडे वळला, ती सरळ झाली, परत डावीकडे गेली.

"गेली," मुलगा म्हणाला.

सुनेनं पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, "अजून वेळ हाय." पण मलाही तीच वाटत होती. आम्ही तिघं त्या टोपीवरून नजर काढत नव्हतो. आमच्या बाजूनं ओल्या पोरी पळत वर जात होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, आम्ही मान वळवून बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या लेकींचं कौतुक करायची आमची तेव्हा तयारी नव्हती.

शेवटी त्या टोपीला होडीत घेतलं. मुलगा उठला. दोन वर्षांची सवय होती. सरळ सायकल आणायला गेला. पोरगी काठाला लागायच्या आत तिची सायकल टेम्पोत ठेवायची, तिला ती लोंबताना दिसू द्यायची नाही, एवढंच त्याच्या मनात.

तो पळत परत आला. तोंड उतरलेलं.

"आई, सायकल चोरीला गेली."

"आरं देवा," सून म्हणाली.

तिथं गळ्यात शिट्टी घातलेला एक जण उभा होता. मुलानं त्याला धरलं. "साहेब, एवढा तुमचा बंदोबस्त आणि सायकली जातात कशा? गेट बंद करा आधी."

त्यानं नंबर विचारला. मुलानं सांगितला. त्यानं दुसऱ्याला विचारलं, दुसरा तिसऱ्याकडे गेला. मग शिट्टीवाला आमच्याकडे बघत म्हणाला, "काका, सायकल मुलगीच घेऊन गेली. मघाशीच."

"कुठली मुलगी?"

"तुमचीच ना? तुमच्या बाजूनंच वर गेली की पळत."

तेवढ्यात होडी काठाला लागली. तिच्यातून टॉवेल गुंडाळून एक उंच पोरगी उतरली. ती आम्ही कधी बघितलेलीही नव्हती. तिची आई आमच्यापलीकडेच उभी होती. मला त्या बाईचं वाईट वाटलं. पण फार वेळ नाही.

सायकलवर आमची पोरगी पुढच्या कितीतरी जणींना मागं टाकून आली. पळताना दोघी-तिघी परत तिच्या पुढं गेल्या. शेवटी आली तेव्हा तिचे पाय एकमेकांचं ऐकत नव्हते. रेघ ओलांडली, माझ्यापाशी आली आणि माझ्या पायाशेजारीच ओकली. तोंड पुसून म्हणाली, "बघितलंस का गं, पाण्यातनं कशी आले?"

"न्हाय बघितलं," मी खरं सांगितलं. "आमी दुसऱ्याच पोरीला बघून रडत होतो."

तिला हसताना परत ओकारी आली.

दुपारी सर सांगायला आले. संघात घेतलं होतं. निवडलेल्यांत सगळ्यात शेवटचं नाव तिचं.

"शेवटची म्हणजे?" मुलानं विचारलं.

"म्हणजे हिच्यानंतर कुणाला घेतलं नाही."

"असू दे की," नात म्हणाली. "आत हाय ना मी."

आता ती संघाबरोबर सरावाला गेली आहे. घरात दोन हात कमी झाले, म्हणून मेथीच्या जुड्या बांधायला मुलगा बसतो. पूर्वी कधी बसला नव्हता. बायकांचं काम आहे म्हणायचा. जुड्या सैल बांधतो, मार्केटला पोचेपर्यंत सुटतील अशा. तो फोनवर लेकीशी बोलायला उठला की मी त्या सोडून परत बांधते. बोलणं लांबतं, त्यामुळे बऱ्याच होतात.