वसंताचं नवं पातेलं

हिंगाच्या फोडणीचा वास आला की आजही मला आधी राग येतो, भूक नंतर लागते.

साठच्या दशकात स्टुटगार्टच्या वसतिगृहात आम्ही दोघंच मराठी होतो. वसंता आणि मी एकाच पातेल्यात वरण शिजवायचो. एका संध्याकाळी त्यानं जर्मन मुलांपुढे अशोकावर भाषण केलं. कलिंगातली प्रेतं पाहून सम्राट हादरला, लढाया सोडून बुद्धाला शरण गेला, हे त्यानं अगदी रंगून सांगितलं. मुलांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांऐवजी मुठींनी बाकं वाजवली. मीही वाजवली.

मग स्वयंपाकघरात भरल्या मनानं मी म्हणालो, "माझे वडीलही शरण गेले रे बुद्धाला. आम्हाला गावाबाहेर ठेवणारा धर्म सोडला आमच्या अख्ख्या वस्तीनं."

हिंगाची डबी त्याच्या हातातच राहिली. "म्हणजे तू त्यांच्यातला? आधी सांगायचंस ना!"

दुसऱ्या दिवशी त्यानं नवं पातेलं आणलं. जुनं माझ्याकडे सरकवून म्हणाला, "हे तूच ठेव."

मी ठेवून घेतलं. वसंताचं जर्मन कच्चं होतं. ते भाषण, पहिल्या प्रेतापासून शेवटच्या शरणापर्यंत, मीच त्याला लिहून दिलं होतं.