फळांच्या वड्या विकणारी बाई

योकोहामाला आमच्या स्टेशनखालच्या बाजारात ती फ्रेंच मिठाई विकायची. फळांचा गर आटवून केलेल्या, साखरेत घोळवलेल्या चौकोनी वड्या. दर शनिवारी माझी सहा वर्षांची ईरा तिच्याकडे धावायची. ती गुडघ्यांवर बसून चिमट्याने एक वडी ईराच्या तळहातावर ठेवायची आणि वडी तोंडात विरघळेपर्यंत दोघी जपानीत कुजबुजायच्या. मला निम्मंही कळायचं नाही. लहानपणी ज्या आंबापोळीच्या तुकड्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो, ती ईराने "चिकट आहे" म्हणून थुंकून टाकली होती. मला त्या बाईचा मत्सर वाटायचा.

मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी एका शनिवारी जमीन पुन्हा हलली. मी पलीकडे ब्रेड घेत होते. धावत आले, तर ईरा काउंटरखाली त्या बाईच्या कुशीत, तिचा एप्रन मुठीत घट्ट धरून. मी ईराला जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

बाईने मला समजेल अशा सोप्या जपानीत विचारलं, "ती सारखी 'आई, आई' म्हणत होती. आई म्हणजे काय?"

तेवढा एक शब्द तिच्याकडे नव्हता. त्याचा अर्थ तिला सांगणं माझ्या अगदी जिवावर आलं.